पाहुण्यांना मुंबई दाखवताना

पुण्याजवळच्या आपल्या मुळशी तालुक्यात, नांदे, चांदे, लवळे या भागात पाहुणे आले की सिंहगड होतो, आणि मग मागणी येते, "आता समुद्र दाखवा." तर पुण्याहून सकाळची डेक्कन क्वीन गाठा. 1930 पासून धावणारी ही गाडी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरवते. तिथून घाईनं निघू नका, कारण पहिलं प्रेक्षणीय स्थळ तेच. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत 1888 मध्ये पूर्ण झाली. फाटकाच्या खांबांवर पाहुण्यांना एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ दाखवा: एक इंग्लंडचा, एक आपला. आतलं पानाफुलांचं कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे.

मग हुतात्मा चौकावरून ओव्हल मैदान. माझ्या मते मुंबई पाहावी ती इथूनच. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, पश्चिमेला गोलसर गच्च्यांची आर्ट डेको घरं. या दोन्ही रांगांना 2018 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला.

शेवटी गेटवे ऑफ इंडिया. 1924 मध्ये खुल्या झालेल्या याच कमानीतून 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी परतली.

अंधार पडला की मुंबईचे दिवे दाखवून पाहुण्यांना हेही सांगा: मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार करतं आणि ती वीज मुंबईला जाते. त्यासाठी आपल्या मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, 1921 मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्याचे नेते सेनापती बापट तुरुंगात गेले.

आणि हो, पाहुण्यांना घारापुरीची लेणीही दाखवायची असतील तर सोमवार टाळा, त्या दिवशी ती बंद असतात.