कळ दाबण्यापूर्वी



शाळाभेटीत एके ठिकाणी त्रिमिती छपाईयंत्र, ज्याला थ्री-डी प्रिंटर म्हणतात, ते कुलूपबंद कपाटात पाहावयास मिळाले. पाहुणे आले म्हणजे ते बाहेर काढावयाचे आणि एखादी शोभेची वस्तू करून दाखवावयाची, असा तेथील परिपाठ. मुलांच्या हाती का देत नाही, असे विचारता उत्तर आले, "मोडेल ना, साहेब."

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. संगणकावरील आराखड्यावरून वस्तू घडविणारी कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, तेथे २००२ मध्ये उभी राहिली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेबाहेर निघालेल्या पहिल्यावहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. परंतु तत्पूर्वी कित्येक वर्षे तेथील मुले शेती, वीजजोडणी, लोहारकाम प्रत्यक्ष करीत शिकत होती. आधी काम, मागाहून यंत्र, असा तो क्रम होय.

आपल्या भागाचे काम म्हणजे पाणी. लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नसू. म्हणून एका शाळेत आठवीच्या मुलांबरोबर मी पर्जन्यमापक करावयास घेतला. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ नळीच्या दसपट असले, की १ मिलिमीटर पाऊस नळीत १० मिलिमीटर चढतो व सहज वाचता येतो. नळीचा व्यास २ सेंटिमीटर. मुलांनी तोंडाचा व्यास २० धरला. मी मुद्दाम गप्प राहिलो. यंत्रही गप्पच राहिले असते; सांगितले तेवढे ते मुकाट्याने करते. पण आम्ही आधी पुठ्ठ्याचे नरसाळे केले होते. ३ मिलिमीटर पावसाइतके पाणी मोजून ओतले, तो ३० सेंटिमीटरची नळी काठोकाठ भरली! क्षेत्रफळ दसपट नव्हे, शंभरपट झाले होते. मग वर्गमूळ निघाले, व्यास सुमारे ६.३ ठरला, आणि तेव्हाच यंत्राची कळ दाबली.

(एक सूचना : ह्या यंत्रातील नेहमीचे पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या सुमारास मऊ पडते. आपल्या वैशाखात तापल्या पत्र्यावर ते ठेवू नये.)

पुढील भेटीत मी यंत्र दाखवा म्हणणार नाही. मुलांनी केलेले, फसलेले पुठ्ठ्याचे नमुने मागणार आहे; ते कृपया टाकून देऊ नयेत.