दारावरचा कागद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'जपानमधील अनुभव' हा विषय दिला आहे. तिथली स्वच्छता, वक्तशीरपणा, बुलेट ट्रेन हे सगळं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्यापेक्षा जास्त वाचलेलं असणार. मी फक्त केस कापायच्या एका दुकानाबद्दल बोलतो.

तोक्योच्या एदोगावा भागात निशी-कासाई नावाची वस्ती आहे. संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने राहतात. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस त्या एदोगावाच्या सभागृहात निवडून आला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्याच वस्तीतल्या एका म्हाताऱ्याकडे मी अकरा वर्षं केस कापत होतो. माझं टक्कल वाढत गेलं तसे त्याने दोनदा पैसे कमी केले, इतका सज्जन.

२०२० च्या मार्चअखेर गेलो तर दारावर कागद: परदेशी ग्राहकांना तूर्त 'ओकोतोवारी'. म्हणजे नकार. पण त्या भाषेत नकारालाही आदराचा 'ओ' लागतो. म्हातारा बाहेर आला, कमरेत वाकला, म्हणाला, बाकीची गिऱ्हाइकं घाबरतात हो. मी काचेतून आत पाहिलं. खुर्चीत आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ बसले होते, दहाच दिवसांपूर्वी युरोपातून परतलेले. मी दीड वर्षात जपानबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कोण कुठून आलं, हे त्या कागदाने विचारलंच नव्हतं. चेहरा पाहिला की झालं.

एकट्या म्हाताऱ्याला काय बोलणार? एप्रिलपासून सरकारनेही तेच केलं. यादीतल्या देशांतून जपानी नागरिक परतला तर तपासणी करून घरी. पण तिथे घरदार असलेला, कर भरणारा परदेशी रहिवासी एप्रिलनंतर बाहेर गेला असेल, तर थोडे अपवाद सोडून दार बंद. कायम वास्तव्याचा परवाना असला तरी. भारतही पुढे त्या यादीत आला. कोणाची आई गावी अत्यवस्थ, आणि जावं की नोकरी सांभाळावी, असे फोन मी रात्र रात्र ऐकले आहेत. सप्टेंबरपासून ते सैल झालं.

कायद्याचं म्हणाल, तर वंशभेदाला सरसकट बंदी घालणारा कायदा तिथे नाही. १९९८ मध्ये हामामात्सु शहरात एका ब्राझिलियन बाईला दागिन्यांच्या दुकानातून बाहेर काढलं. ती कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी तिला १५ लाख येन भरपाई मिळाली. ओतारूच्या स्नानगृहाने परदेशी म्हणून अडवलेल्या तिघांना २००२ मध्ये प्रत्येकी १० लाख. म्हणजे दाद मिळते, पण वकील लावून. केस कापायला कोण वकील लावतो?

मी घरी येऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. बायको हसली. मला राग आला होता आणि तो बरेच दिवस टिकला. इथवरची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. पुढची सांगितलेली नाही.

माझा धाकटा भाऊ इथेच चौथ्या रांगेत बसला आहे. त्याची पुण्यात खानावळ आहे. पुण्यात पहिले रुग्ण ९ मार्चला सापडले. त्याच आठवड्यात मी त्याला तोक्योहून फोन केला: "ते दोन येमेनी विद्यार्थी तुझ्याकडून डबा नेतात ना? बंद कर. परदेशी लोक आहेत, उगाच धोका नको." तो म्हणाला, "दादा, ते दोन वर्षांत पुण्याबाहेर गेलेले नाहीत." मी म्हणालो, "मी सांगतो तेवढं कर." खानावळीला पैसे माझे होते. त्याने केलं.

चार दिवस डबा बंद होता. पाचव्या दिवशी त्याने मला न विचारता तो सुरू केला आणि पुढे टाळेबंदीभर स्वतः नेऊन दिला. हे मला यंदा कळलं, तेही वहिनीकडून.

म्हाताऱ्याच्या दारावरचा कागद जूनमध्ये निघाला. मी परत गेलो. आम्ही बेसबॉलबद्दल बोललो. काचेवर चिकटपट्टीचे चार डाग राहिले होते, ते त्याने माझ्यादेखत नखाने खरवडून काढले.

परवा भावाच्या खानावळीत जेवत होतो. त्या दोघांपैकी एक अजून पुण्यातच आहे, घरी युद्ध, जाणार कुठे? भावाने ओळख करून दिली. त्याने विचारलं, "जपानमध्ये परदेशी माणसाला घर भाड्याने मिळतं का?" मी सांगितलं, की तिथल्या न्याय मंत्रालयाच्या २०१७ च्या पाहणीत घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. तो म्हणाला, "मग पुणं बरं. इथे निदान जेवण कुणी अडवलं नाही." चार दिवस डबा का आला नाही, याचं भावाने त्याला तेव्हा काहीतरी दुसरंच कारण सांगितलं असावं.

भाऊ ताटात भात वाढत होता. मी काही बोललो नाही.