संगणकाचे अंतरंग आणि छापील मार्गदर्शिका

(समाजाच्या नेकनूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी मॅट्रिक शिकलेला आणि खेड्यातील शाळेत उभा जन्म घालविलेला एक निवृत्त शिक्षक. यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. शिक्षण, हुंडा, काटकसर अशा विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची सवय असलेल्या आपणांस माझा विषय किंचित विचित्र वाटेल. संगणकाच्या आतील भागांची माहिती देणारी छापील पुस्तके आपल्या घरात का असावीत, हा तो विषय होय. परंतु हाही विषय अखेर काटकसरीचा आणि स्वावलंबनाचाच आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

महाराष्ट्रात संगणकाचे प्राथमिक शिक्षण घरोघर पोहोचविण्याचे मोठे कार्य २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने केले. त्याच्या एमएस-सीआयटी ह्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आपल्यापैकी कित्येकांच्या मुलामुलींपाशी आहे. त्या अभ्यासक्रमाबरोबर मिळणारे छापील पुस्तकही अनेक घरांत जपून ठेवलेले मी पाहिले आहे. त्यामुळे आपली मुले संगणक चालवू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि यंत्र चालविणे आणि यंत्र ओळखणे ह्या दोन विद्या भिन्न आहेत. बैल हाकणारे पुष्कळ असतात. पण बाजारात बैल घेताना दात पाहून वय सांगणारा आणि चाल पाहून दुखणे ओळखणारा जाणता माणूस बरोबर असला, म्हणजे घेणाऱ्याची फसगत होत नाही. संगणकाच्या बाबतीत असा जाणता माणूस आपल्या घरात नाही, आणि ती उणीव आपणांस महाग पडते.

एक उदाहरण सांगतो. आपल्याच समाजातील एका कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन मुलीच्या शिक्षणासाठी जुना संगणक विकत घेतला. काही महिन्यांनी तो सुरू होईना. पडदा काळाच राही आणि आतून ‘टूं टूं’ असा आवाज येई. शहरातील एका दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड निकामी झाल्याचे सांगून असा आकडा उच्चारला की, त्यात दुसरा जुना संगणक आला असता. यंत्र माळ्यावर गेले. मुलीची परीक्षा तोंडावर आलेली. पुढे तिच्या मामेभावाने वाचनालयातून संगणक दुरुस्तीचे एक जाडजूड पुस्तक आणले. यंत्र सुरू होताना येणाऱ्या आवाजांचे अर्थ त्यात कोष्टकरूपाने दिले होते. त्यावरून दोष स्मरणपट्टीत, म्हणजे ज्यास रॅम म्हणतात तीत असावा, असे त्याने ताडले. वीज बंद करून त्याने पट्टी अलगद काढली, तिच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि ती पुन्हा घट्ट बसविली. यंत्र सुरू झाले. खर्च शून्य! दुरुस्ती करणारा लबाड होता, असे मी म्हणत नाही. कदाचित त्यास घाई असेल. पण घरात ज्ञान नसले, म्हणजे परक्याचा शब्द हाच शेवटचा शब्द होऊन बसतो, हे मात्र खरे.

अशा पुस्तकांतून नेमके काय मिळते, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे अवयवांची ओळख. भिंतीतून येणारी सुमारे २३० व्होल्टची वीज यंत्रास जशीच्या तशी चालत नाही; एसएमपीएस नावाची पेटी तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकमार्गी विजेत रूपांतर करते. ज्या गावात वीज वारंवार येते-जाते, तेथे ही पेटी आधी दगा देते आणि मालकास वाटते की सारे यंत्रच गेले. दुसरी गोष्ट म्हणजे जोडीची जाण. डीडीआर-३ जातीच्या स्मरणपट्टीस २४० टाचण्या असून ती सामान्यतः १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर-४ पट्टीस २८८ टाचण्या असून तीस १.२ व्होल्ट लागतात. दोहोंच्या खाचा निरनिराळ्या ठिकाणी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. हे ठाऊक नसलेला मनुष्य भलतीच पट्टी विकत आणतो. तिसरी गोष्ट म्हणजे निदानाचा क्रम: आधी वीज, मग जोडण्या, मग स्मरणपट्टी, मग डिस्क. संगणकाची तारीख रोज मागे जात असेल, तर बहुधा मदरबोर्डावरील रुपयाएवढा, तीन व्होल्टचा सीआर-२०३२ हा सेल संपलेला असतो. त्यासाठी यंत्र विकण्याचे कारण नाही. चौथी गोष्ट म्हणजे मर्यादा. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये, कारण वायर काढल्यावरही तिच्यात प्राणघातक भार काही काळ साठून राहू शकतो, ही ताकीद चांगले पुस्तक ठळक अक्षरांत देते. काय करावे ह्याइतकेच काय करू नये, हे सांगतो तोच खरा गुरू.

मोठ्या ग्रंथांप्रमाणेच मदरबोर्डाबरोबर येणाऱ्या लहानशा पुस्तिकेचेही मोल आहे. यंत्र सुरू करण्याच्या बटनाची बारीक तार कोणत्या दोन टाचण्यांवर बसवावी, हे त्या पुस्तिकेतील एका आकृतीवरून कळते. खोक्याबरोबर ती रद्दीत गेली, म्हणजे पुढे त्या एका आकृतीसाठी हेलपाटे घालावे लागतात. जमिनीचा सातबारा आपण जपतो, तद्वत ही पुस्तिकाही जपावी.

छापील माहितीचे सामर्थ्य केवढे असते, ह्यास इतिहास साक्ष आहे. आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि त्याबरोबर एक तांत्रिक ग्रंथही विक्रीस ठेवला. त्यात यंत्राच्या विद्युतमंडलांच्या आकृत्या छापलेल्या होत्या. परिणामी जगभरच्या लहानमोठ्या कारखानदारांना त्या यंत्रास जुळणारे भाग करता आले, आणि ती घडण साऱ्या जगाची घडण झाली. पुढे १९८८ साली स्कॉट म्युलर ह्या लेखकाचा संगणकाची दुरुस्ती व सुधारणा ह्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ निघाला. त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. आपल्या महाराष्ट्रात तर ही परंपरा जुनीच आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते आरंभी कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती देण्यासाठीच. यंत्र विकावयाचे तर यंत्राचे ज्ञानही लोकांच्या भाषेत द्यावे, ही दृष्टी त्यामागे होती.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. कोणी तरुण म्हणेल, “गुरुजी, हल्ली मोबाइलवर सारे दिसते, पुस्तक कशाला?” त्याचे म्हणणे निराधार नाही. एखादा स्क्रू कसा काढावा, हे चलच्चित्रात उत्तम दिसते, आणि त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु चित्र एका यंत्राचा एक दोष दाखवून पुढे सरकते; पुस्तक पायापासून कळसापर्यंत क्रमाने नेते. त्यास अनुक्रमणिका असते, समासात पेन्सिलीने खूण करता येते आणि दोघे भावंडे ते शेजारी बसून वाचू शकतात. दुसरा आक्षेप असा की, ही पुस्तके लवकर शिळी होतात. तेही खरे. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात फ्लॉपीचे वर्णन पानेच्या पाने असते आणि आजच्या एसएसडीचा त्यात पत्ताही नसतो. परंतु वीज, उष्णता, धूळ आणि जोडणी ह्यांचे नियम शिळे होत नाहीत. म्हणून तत्त्वांसाठी जुने पुस्तकही चालेल. विशिष्ट भागासाठी मात्र नवी माहिती पाहावी. हा विवेक शिकविला पाहिजे.

ह्या ज्ञानाची निकड सांप्रत विशेष आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीचे नेहमीचे पाठबळ थांबविले. नव्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. “तुमचे यंत्र आता निरुपयोगी” असे सांगणारे पुष्कळ भेटतील. परंतु कित्येक मदरबोर्डांत ही व्यवस्था मुळात असते, केवळ बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. कोठे जाऊन सुरू करावी, हे त्याच दुर्लक्षित पुस्तिकेत लिहिलेले असते. प्रोसेसर खरोखरच जुना असेल, तर सी-डॅकने तयार केलेल्या बॉस लिनक्ससारख्या मोफत प्रणालीचा पर्याय राहतो. हे न जाणता यंत्र भंगारात घालणे म्हणजे कष्टाचा पैसा मातीत घालणे होय.

सरकारनेही ह्या प्रश्नाकडे लक्ष दिले आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. ग्राहकास स्वतः दुरुस्ती करता येईल अशा पुस्तिका प्रसिद्ध करण्याचे कंपन्या टाळतात, ही तक्रार तेव्हा स्पष्टपणे मांडली गेली. परंतु हक्क मिळाला, तरी पुस्तिका वाचू शकणारा मनुष्य घरात नसेल, तर तो हक्क कागदावरच राहील.

म्हणून समाजापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, समाजाच्या वाचनालयात संगणकाच्या यंत्रभागांवरील पुस्तकांचे एक कपाट असावे. दर दोन-तीन वर्षांनी त्यात एक तरी नवे पुस्तक घ्यावे. दुसरी, प्रत्येक कुटुंबाने यंत्राबरोबर आलेली पुस्तिका, पावती व हमीपत्र एका पाकिटात ठेवावे. तिसरी, अशी पुस्तके बहुतेक इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजी जाणणाऱ्या मुलामुलींनी सुटीत एकत्र बसून निवडक प्रकरणांचा सारांश सोप्या मराठीत लिहावा आणि तो ह्याच स्मरणिकेत छापावा. ह्या कामात मुलींना मागे ठेवू नये. पेचकस धरावयास मनगटाच्या बळापेक्षा डोळ्यांची काळजी अधिक लागते.

ह्यातून प्रत्येक घरात एक अभियंता निर्माण होईल, असा माझा दावा नाही. परंतु दुकानदारापुढे उभे राहून “नेमका कोणता भाग गेला, आणि तो आपण कसा तपासला?” एवढे विचारण्याचे धैर्य आपल्या मुलांत आले, तरी माझे आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.