परदेशातील घर आणि आपला वकील

(अमडापूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिखली तालुक्यातील या आपल्या अमडापुरात बसून इंग्लंडमधील घरखरेदीविषयी बोलणे काहींना विनोदाचे वाटेल. परंतु मुले परदेशी नोकरीस असतात आणि त्यांच्या घराची पहिली रक्कम पुष्कळदा येथल्याच काळ्या मातीतून निघते, म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

माझ्या पुतण्याचीच हकीकत सांगतो. इंग्लंडात त्याने घर पसंत केले, तेव्हा विक्रेत्याच्या दलालाने आपल्या ओळखीचा एक वकीलही सुचविला. फी थोडी कमी होती. पुतण्याने मला विचारले. मी म्हटले, "बाळ, ज्याला पुढची कामे दलालाकडूनच मिळायची, तो त्या घराचा दोष तुला किती मोकळेपणाने सांगेल?" त्याने आपला स्वतंत्र वकील केला. तेथे त्याला सॉलिसिटर म्हणतात, आणि त्याचे नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या नोंदीत आहे की नाही, हे कोणासही पाहता येते. जर्मनीत व्यवहार नोटरीपुढे होतो. पण तो नोटरी उभयपक्षी तटस्थ असतो, तुमचा वकील नव्हे.

या सॉलिसिटरने घराच्याही आधी पैशाविषयी विचारले. तेथील २०१७ च्या नियमांमुळे त्याला ते विचारणे भागच असते. पैसा माझ्या थोरल्या बंधूंनी शेत विकून उभा केलेला. खरेदीखतात किंमत लिहिली होती सरकारी मूल्यांकनाएवढी. उरलेली तेवढीच रक्कम पिशवीतून रोख घरी आली होती. खरेदीखत, सातबारा, बँकेचा उतारा, सर्व पाहून तो म्हणाला, कागदावर आहे तेवढाच पैसा मी स्वीकारीन. अर्धे शेत जणू हवेत विरून गेले!

यातील दुःखाची गोष्ट अशी की, गावाकडील शेतजमिनीच्या विक्रीवर प्राप्तिकर प्रायः लागतच नाही. रोखीने फायदा झाला तो घेणाऱ्याचा. त्याचे मुद्रांकशुल्क वाचले. बंधूंना एक पैही सुटली नाही. उलट स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याची मनाई आहे, ती मोडल्याचे खापर त्यांच्याच माथी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बँकेमार्फत बाहेर पाठविता येतात. पण बँकेत नाही ते पाठवायचे कसे?

एवढे बरे की हे वेळेवर उघड झाले. इंग्लंडात करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो. ती झाल्यावर माघार घेतली तर साधारणतः दहा टक्के इसार बुडतो. पुतण्याने सत्य लपविले असते, तर तोही गेला असता. आपल्याकडे वकिलापासूनच गोष्ट झाकण्याची एक खोड आहे, म्हणून हे सांगितले.

मग आला देणगीपत्राचा कागद. कर्ज देणाऱ्या बँकेला लेखी हवे होते की, वडिलांनी दिलेली रक्कम ही भेट आहे, घरावर त्यांचा कसलाही हक्क नाही. बंधू संतापले. "शेत माझे, पैसा माझा, आणि घरात मी पाहुणा?" सॉलिसिटरने नम्रपणे कळविले की, तो मुलाचा वकील आहे, वडिलांनी आपला सल्ला स्वतंत्र घ्यावा. त्या एका वाक्याने त्या माणसाविषयी माझा आदर वाढला. चार दिवस बंधू कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सही केली. घर मात्र ठरल्यापेक्षा लहान घ्यावे लागले.

एक गोष्ट राहिली. शेत वडिलोपार्जित होते, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर पुतणीचा त्यातील हिस्सा भावाएवढाच. विक्रीच्या वेळी तिने मुकाट्याने सही केली. तिच्या वाट्याचा पैसा भावाच्या घरात गेला, याचा कागद अद्याप कोणी केलेला नाही. त्यासाठी येत्या सोमवारी बंधूंना घेऊन मी चिखलीस वकिलांकडे जाणार आहे. पुतणीलाही सोबत येण्यास सांगितले आहे. तिचा वकील तिने निराळा निवडावा, असेही कळविले आहे.