थेंबाथेंबानं बदलणारं पाणी



शेळी, कोंबडी, शिलाई मशीन, मसाला कांडप यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलू या काचेच्या टाकीतल्या रंगीत माशांवर. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं गावोगावी गप्पी मासे सोडतं, ते आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याच रंगीत जाती आणि मोली असे शोभेचे मासे आमच्या गटातल्या चौघी जणी घरी वाढवतात. आम्ही बैठकांना गेलो की बाकीच्या ताया एकच प्रश्न विचारतात, "पाणी किती दिवसांनी बदलायचं?" आजचं बोलणं तेवढ्यावरच आहे.

आमचं उत्तर असं, की पाणी रोज बदलायचं, पण थोडं. आणि ते काम बाईच्या आठवणीवर सोडायचं नाही.

आधी पाणी का बदलायचं ते पाहू. मासा त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विषासारखा असतो. फिल्टरच्या स्पंजवर राहणारे बारीक जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट कमी विषारी, पण ते टाकीतून आपोआप जात नाही, साठत राहतं. ते घालवायला पाणीच बदलावं लागतं.

दुसरी गोष्ट क्षारांची. कढी चुलीवर आटली की खारट लागते. मीठ तेवढंच असतं, पाणी मात्र उडालेलं असतं. टाकीतही तसंच होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा 40 लिटरच्या टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं. क्षार मागं राहतात. आपण वरून बोअरचं पाणी ओततो, त्यातले क्षार आणखी भरीला. लिटरला एक ग्रॅम क्षार असलेलं पाणी धरा. टाकीत सुरुवातीला 40 ग्रॅम क्षार, त्यात रोज एक ग्रॅम वाढला, तर 40 दिवसांत ते दुप्पट झाले. पाणी दिसायला तसंच नितळ असतं. गप्पी-मोलीला जड पाणी चालतं, पण सतत वाढत जाणारे क्षार नाहीत. म्हणून लक्षात ठेवा, पाणी भरणं वेगळं आणि पाणी बदलणं वेगळं.

हे सगळ्यात काटेकोरपणे पाळावं लागतं समुद्राच्या टाकीत. पोवळ्याची माळ आपण ओळखतो. ते पोवळं समुद्रातल्या बारीक जिवांनी घडवलेलं असतं. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. शहरात हौशी लोक अशा जिवंत प्रवाळांची आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशांची छोटी टाकी घरात ठेवतात. क्लाऊन मासे आता हॅचरीतही तयार होतात. नवी मुंबईत ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची सागरी शोभेच्या माशांची हॅचरी आहे, आणि पिल्लं वाढवण्याच्या कामात किनाऱ्यावरच्या गटांना घेतलं आहे. तिकडे लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं बेटावरच्या बायकांना असंच काम शिकवलं.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 40 लिटरच्या टाकीत 1 किलो 400 ग्रॅम. उडालेल्या लिटरभर पाण्याच्या जागी कुणी रोज खारंच पाणी ओतलं, तर दहा दिवसांत 350 ग्रॅम मीठ वाढेल आणि प्रवाळ मरेल. म्हणून तिथं उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालतात आणि बदलताना खारं पाणी घालतात. विहिरीत मूठभर मीठ पडलं तर कळत नाही, घागरीत पडलं तर घोट घेववत नाही. टाकी जितकी लहान, तितकं पाणी लवकर बिघडतं. म्हणून हौशी लोक वेळ लावलेले दोन छोटे पंप बसवतात. एक जुनं पाणी काढतो, दुसरा तेवढंच नवं घालतो, रोज थोडं थोडं.

एकदम सगळं पाणी का बदलायचं नाही? कारण नव्या पाण्याचं तापमान आणि क्षार वेगळे असतात. मासा दचकतो, आजारी पडतो. रोज दहावा हिस्सा बदलला तर सात दिवसांत साधारण अर्धं पाणी नवं होतं आणि माशाला धक्का बसत नाही. साठणारी घाणही दहा दिवसांच्या घाणीएवढी झाली की तिथंच थांबते, पुढं वाढत नाही.

आता आपल्याकडची अडचण. रोज चार लिटर पाणी काढायचं, चार लिटर घालायचं, हे ऐकायला सोपं आहे. पण सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, लग्नसराई या दिवसांत ते कोण करणार? आमच्या गटातली एक ताई भाऊबीजेला माहेरी गेली नाही. घरात माणसं होती, पण टाकीला हात लावणारं कुणी नव्हतं. रोजगारासाठी आणलेल्या टाकीनं बाईलाच घरात बांधून ठेवलं, तर तो कसला रोजगार?

पंप घ्यायचे तर पैसे लागतात आणि लाईटचा भरवसा नाही. म्हणून आम्ही सलाईनच्या नळीचा उपाय करतो. पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या. तेलाचा किंवा फिनेलचा नको. बुडाजवळ बारीक छिद्र पाडून त्यात सलाईन सेटचं टोक घट्ट बसवा. सेट औषधाच्या दुकानातून नवाच आणायचा, दवाखान्यात वापरलेला कधीच नाही. कॅन टाकीपेक्षा हातभर उंच, मजबूत फळीवर ठेवा. नळीचं टोक पाण्याच्या वर राहू द्या, म्हणजे थेंब दिसतात. साध्या सेटचे 20 थेंब म्हणजे एक मिली. मिनिटाला 55 थेंब पडले की दिवसाला चार लिटर होतात. कॅन रिकामा होत गेला की थेंब मंदावतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ चाकी बघा.

कॅनमध्ये रोज चारच लिटर भरा. चाकी सैल झाली तरी त्याहून जास्त पाणी टाकीत जाणार नाही.

जास्तीचं पाणी बाहेर पडायला प्लास्टिकच्या टबला वरच्या काठाखाली छिद्र पाडून नळी बसवा आणि आतून जाळी लावा, नाहीतर पिल्लं वाहून जातात. काचेच्या टाकीला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. तिथं सकाळी नळीनं तळाचं पाणी काढा आणि मग थेंब सुरू करा. उन्हाळ्यात टबातून बाहेर पडलेलं पाणी मोजा. चार लिटर आत गेलं आणि एक लिटर उडालं, तर बदललं तीनच लिटर.

नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरा. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं तापलेलं पाणी नको. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणीही नको, त्यात क्षार जास्त असतात. स्पंज नळाखाली धुऊ नका, जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या.

काही ताया विचारतात, "माणसाला प्यायला पाणी नाही आणि माशाला रोज चार लिटर?" प्रश्न रास्त आहे. टँकर चालू असलेल्या गावात आम्ही टाकी सुरू करायला सांगत नाही. एरवी बाहेर पडणारं पाणी परसबागेतल्या मेथी-पालकाला द्या. त्यातलं नायट्रेट म्हणजे खतच. खाऱ्या टाकीचं पाणी मात्र मातीत टाकू नका. खारवट जमिनीचं दुखणं मराठवाड्याला सांगायला नको.

एक गोष्ट नळी करू शकत नाही. थेंब पडत राहतात, पण मासा वर येऊन तोंड उघडतोय का, पिल्लं कमी झालीत का, हे माणसानंच बघायचं असतं. ते बघणं घरातल्या सगळ्यांना शिकवा, मुलांना आणि घरधन्यालाही. कॅन भरायला पाच मिनिटं लागतात. तेवढं शिकवलं की बाई चार दिवस माहेरी जाऊ शकते.

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटचा समावेश आहे आणि महिलांना प्रकल्प खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. मासे कोण विकत घेणार, हे ठरवूनच कर्ज काढा.

पुढच्या मासिक बैठकीत एक प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. आपल्या गटाच्या धंद्यातलं कोणतं रोजचं काम एकाच बाईच्या गळ्यात आहे आणि ते वाटून किंवा सोपं करून देता येईल का? मासे नसले तरी हा प्रश्न प्रत्येक गटाचा आहे. काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा.