बंदर, नगरपरिषद आणि पाहुणा
(जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेत वाचलेले भाषण)



जुबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या पॅरिशच्या पूर्वजांविषयी बोलणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र चालक मंडळींनी निराळाच विषय नेमून दिला आहे : आपल्या वेंगुर्ल्याची नगरपरिषद आणि आपल्या गावी येणारा प्रवासी. चर्चच्या अंगणात म्युनिसिपालिटीचे गाऱ्हाणे कशास, असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्यास आमचे उत्तर इतकेच की, जो मनुष्य रविवारी या दारातून आत येतो तोच सोमवारी घरपट्टी भरतो, आणि त्याच्याच उंबऱ्याशी कचऱ्याची गाडी येऊन उभी राहते. तेव्हा विषय परका नाही.

परदेशी मनुष्य आपल्या बंदरात येणे ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. सतराव्या शतकात डच लोकांनी येथे वखार घातली. त्या काळी त्यांच्या आरमाराने गोव्याची नाकेबंदी चालविली होती, आणि त्या गलबतांस लागणारी अन्नसामग्री ते या किनाऱ्यावरून भरून घेत. म्हणजे आपला गाव त्यांचे कोठीघर होता. पुढे १८१२ साली सावंतवाडीच्या राणीकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले. बेळगावाकडील माल घाट उतरून येथे येई व येथून मुंबईस रवाना होई. गावात पेढ्या होत्या, वखारी होत्या, दीपगृह उभे राहिले, आणि १८७० नंतरच्या दशकातच येथे म्युनिसिपालिटीही स्थापन झाली. अनेक मोठ्या गावांच्या आधी हा मान आपल्या लहानशा गावास मिळाला, याचा अभिमान आपणांस खचित असावा.

परंतु वैभव बंदरातून आले तसे बंदरातूनच गेले. मुरगावचा लोहमार्ग घाटावरील लोहमार्गास जोडला गेला आणि घाटावरचा व्यापार तिकडे वळला. पुढे मुंबईच्या आगबोटीही बंद झाल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही आपल्याला बाजूस ठेवून कुडाळ व सावंतवाडीवरून गेली. दोनदा दैवाने दाराशी येऊन पाठ फिरविली. तरुण मुले मुंबईस गेली, गोव्यास गेली, आखातात गेली. या सभेत असे घर क्वचितच असेल की ज्यातील एक खुर्ची वर्षातून अकरा महिने रिकामी नसते.

आता तिसरी वेळ आली आहे. १९९७ साली आपला सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपी येथील विमानतळ सुरू झाला, तो आपल्याच तालुक्यात आहे. २०२३ च्या आरंभी गोव्यात मोपा येथूनही विमाने उडू लागली. सागरेश्वराच्या वाळूवर, शिरोड्यास, मोचेमाडास परगावचे लोक दिसू लागले आहेत. प्रश्न एवढाच की, या वेळी आपण कोठीघर व्हावे की यजमान व्हावे? कोठीघर दुसऱ्याच्या सोयीसाठी भरलेले असते, आणि काम संपले की ओस पडते. डचांच्या वखारीच्या पडक्या भिंती पाहिल्या म्हणजे याचा अर्थ समजतो. यजमानाचे घर मात्र पाहुणा येण्यापूर्वीही त्याचे असते व गेल्यावरही त्याचेच राहते.

यजमानपणाची पहिली परीक्षा केरसुणीची असते. या परीक्षेत आपल्या नगरपरिषदेने जे करून दाखविले त्याची वाखाणणी दूरवर झाली. २०१५ नंतर, मुख्याधिकारी श्री. रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत, गावाचा कचरा घरोघरी निवडून घेण्यास आरंभ झाला. जेथे पूर्वी नाक दाबून जावे लागे ती कचरा टाकण्याची जागाच झाडे लावून, स्वच्छ राखून प्रेक्षणीय करण्यात आली. ओल्या कचऱ्यापासून वायू व खत, पालापाचोळ्यापासून जळाऊ कांड्या, आणि प्लॅस्टिकचे बारीक तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात मिसळणे, अशी व्यवस्था तेथे झाली. परगावच्या नगरपालिकांचे लोक ती पाहण्यास येऊ लागले. लोक किल्ले पाहण्यास जातात, देवस्थाने पाहण्यास जातात, परंतु एखाद्या गावचा उकिरडा पाहण्यास मुद्दाम यावे, असे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्यास आले असेल. आणि या गावाची वस्ती ती किती? सुमारे बारा हजार!

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. हा उपक्रम सुरू झाला तेव्हा त्यास नाके मुरडणाऱ्यांत आम्हीही होतो. कर आम्ही भरायचा आणि केरही आम्हीच निवडायचा, हा कोठला न्याय, असे आम्ही चारचौघांत बोलून दाखवीत होतो. एके सकाळी माशाची खवले व डोकी वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही ती सुक्या कचऱ्याच्या डब्यात दडपून दिली. गाडीवरील बाईने डबा उघडला, वास घेतला, आणि काही न रागावता तो परत आमच्या पायरीवर ठेवून म्हणाली, "काकानू, ह्या हय चलाचा नाय." शेजारी पाहत होते. आम्हांस त्या वेळी रागच आला. परंतु दुपारपर्यंत तो डबा पायरीवर तसाच होता आणि त्याच्याभोवती माश्या घोंगावत होत्या. ज्या घाणीपाशी आम्ही अर्धा दिवस बसू शकलो नाही, ती आमच्यासाठी ती बाई रोज हातांनी निवडत आली होती. त्या दिवसापासून आमच्या घरी डबे वेगळे झाले. अधिकाऱ्याच्या हुकमाने जे झाले नव्हते ते एका बाईच्या शांत शब्दाने झाले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, अधिकारी बदलून जातात. तो सरकारी नोकरीचा धर्मच आहे. मागे राहावयाची ती गावाची सवय, आणि सवय राखण्याचे काम कोणत्याही ठरावाने होत नाही. तथापि ठराव नकोत असेही नव्हे. आपण अनुभवलेच आहे की, २०२१ च्या अखेरीस राज्यातील पुष्कळ नगरपरिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. दिवाबत्ती चालू होती, पाणी येत होते, परंतु गावाने एकत्र बसून ज्यास विचारावे असा आपला माणूस सभागृहात नव्हता. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या तेव्हा हे उणे भरून निघाले. आता आपले प्रतिनिधी तेथे आहेत. परंतु मत टाकून आलो की आपले कर्तव्य संपले, असे समजणे म्हणजे बीज पेरून शेताकडे पाठ फिरविण्यासारखे आहे.

विचारण्याचे विषय पुष्कळ आहेत. त्यांतील सर्वांत नाजूक विषय वाळूचा. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, हे येथील मुलासही ठाऊक आहे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे. जो हात लावील त्यास वाटा, असा हा न्याय आहे. याकरिता लांबलचक मोकळी वाळू लागते. त्याच वाळूवर उद्या तंबू, छपऱ्या व खुर्च्या दाटीने उभ्या राहिल्या तर रापणकाराने दोर कोठे ओढावा? प्रवासी समुद्र पाहण्यास येतो हे खरे. परंतु समुद्रावर जगणारा मनुष्यच तेथून हटला, तर प्रवाशास दाखविण्यासारखे तेथे काय उरेल? परवानगी देताना आधी रापणीची जागा आखली जावी, मग खुर्च्यांची, एवढा क्रम नगरपरिषदेने पाळावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

आणि हे अशक्य नाही याचा पुरावा आपल्याच मांडवीच्या खाडीत आहे. तेथे 'स्वामिनी' बचतगटाच्या स्त्रियांनी २०१७ पासून कांदळवनाची सफर चालविली आहे. खाडीच्या आश्रयाने वाढलेल्या या स्त्रिया होडी वल्हवून पाहुण्यास झाडे, पक्षी व कालवे दाखवितात. होडी त्यांची, खाडी त्यांची, ज्ञानही त्यांचे. ज्या कांदळवनाकडे आपण केवळ चिखल म्हणून पाहत होतो, ते राखल्यास चरितार्थ चालतो, हे त्यांनी आपणांस शिकविले. यजमान होणे म्हणजे काय, याचा धडा गिरवावयाचा असल्यास मांडवीस जावे.

शेवटी आपल्या पॅरिशपुरते दोन शब्द. ज्यांची घरे मोठी व खुर्च्या रिकाम्या आहेत त्यांनी सरकारच्या निवास व न्याहारी योजनेची माहिती अवश्य करून घ्यावी. परगावचा पाहुणा आपल्या पेजेला व तिखल्याला नाव ठेवणार नाही, उलट घरी जाऊन त्यांची आठवण काढील. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक दरवर्षी सभेपुढे येते, त्या वेळी आपल्या प्रत्येक वाड्यातून निदान दोघांनी ते मागून वाचावे व आपल्या नगरसेवकास प्रश्न विचारावेत. आणि आजची मेजवानी आटोपल्यावर पत्रावळी एका बाजूस व प्लॅस्टिक दुसऱ्या बाजूस ठेवूनच आपण घरी जावे. उद्या सकाळी गाडीवरील ती बाई या अंगणात येईल. जुबिलीचा पहिला निकाल तीच देणार आहे, आणि तिला एकही डबा परत पायरीवर ठेवावा लागू नये, एवढी आमची इच्छा आहे.