डोंगरउताराचा ट्रॅक्टर : दोन चाकांचा की चार चाकांचा?



या व्यासपीठावरून आपण साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने ऐकता. त्यांच्या रांगेत मी ट्रॅक्टर आणून उभा करतो आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. मी विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी सौम्यपणे विचारले होते की, शहरातल्या श्रोत्यांना याचे काय? मी त्यांना म्हटले, सभेला येणाऱ्यांपैकी पुष्कळांची वडिलोपार्जित जमीन पाटण, जावळी, भोर, अकोले, इगतपुरी अशा डोंगरी तालुक्यांत आहे. ती गावाकडचा भाऊ कसतो, नाही तर गडी लावून कसून घेतली जाते. ट्रॅक्टर घ्यायचे ठरले की गावाहून फोन येतो तो शहरातल्या मिळवत्या माणसाला. पैसे तोच देतो आणि कोणता घ्यायचा, याबाबत शेवटचा शब्दही पुष्कळदा त्याचाच असतो. म्हणजे विकत घेणारा एक आणि त्या बैठकीवर बसणारा दुसरा. कामगार चळवळीत उभे आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही जोडी चांगली ओळखीची आहे. यंत्राची निवड एकाने करायची आणि तिचा परिणाम दुसऱ्याच्या अंगावर यायचा, हे मी कारखान्यांत पाहिले, तेच शेतातही पाहिले.

मी इंजिनिअर नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपुरते. ट्रॅक्टरविषयी जे कळते ते मिस्त्रींच्या गॅरेजात बसून आणि यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिका शब्दकोश जवळ घेऊन वाचून कळलेले आहे. त्याला एक प्रसंग कारण झाला. आमच्या संघटनेतला एक चालक डोंगरउतारावर ट्रॅक्टर कलंडून त्याखाली सापडला आणि गेला. भरपाईचे बोलायला मी मालकाकडे गेलो. मालक वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. तो म्हणाला, "अहो भाऊ, मी मुद्दाम जास्त पैसे घालून फोर-व्हील घेतला होता, पलटू नये म्हणून." त्याने पैसे खरोखरच जास्त दिले होते, परंतु ज्या गोष्टीसाठी दिले, ती गोष्ट त्या यंत्रात नव्हतीच. फोर-व्हील ड्राइव्ह काय देतो आणि काय देत नाही, एवढेच आज मला सांगायचे आहे.

प्रथम दोन्ही यंत्रांतला फरक पाहू. चाके दोघांनाही चारच. टू-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना जातो. पुढची लहान चाके केवळ वळवण्यापुरती असतात. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये एक दांडी ओढली की पुढच्या आसालाही जोर मिळतो, आणि म्हणून त्याची पुढची चाकेही मोठी व खाचांची असतात. आता वजनाचे पाहा. दोनचाकी जोराच्या ट्रॅक्टरचे साधारण दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर असते. जमिनीला पकड मिळते ती वजनामुळे. म्हणजे त्याच्या वजनाचा एक तृतीयांश भाग ओढीच्या कामी येतच नाही. चारही चाके जमीन धरून ओढू लागली म्हणजे सगळे वजन कामाला लागते. भाताच्या खाचरात चिखलणी करताना, पावसाळ्यात निसरड्या वाटेने जाताना, किंवा जड नांगर लावला असता एक ट्रॅक्टर जागच्या जागी चाके फिरवतो आणि दुसरा निघून जातो, त्याचे कारण हे.

चढावर या हिशेबात आणखी एक गोष्ट येते. समजा, ट्रॅक्टर 2000 किलोचा आहे आणि वाट शंभर फुटांत वीस फूट चढते. अशा चढावर काही न ओढता नुसते स्वतःला वर नेण्यासाठीच त्याला सुमारे 390 किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. नांगराची ओढ त्यानंतरची. शिवाय चढावर वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. मागे जड अवजार टांगलेले असेल तर ती इतकी हलकी होतात की स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. अशा वेळी मागची चाके खड्ड्यात रुतली आणि चालकाने घाईने क्लच सोडला, तर चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती उभा राहतो आणि उलटा पडतो. याला दीड-दोन सेकंद पुरतात. उडी मारायला तेवढा वेळ नसतो. फोर-व्हीलचा पुढचा भाग अधिक जड असल्यामुळे हा धोका कमी होतो. नाहीसा मात्र होत नाही. ओढायची साखळी आसाच्या वर बांधली, तर तोही उभा राहील. साखळी खालच्या ओढदांडीलाच अडकवली पाहिजे.

लोक फोर-व्हील घेतात ते चढ डोळ्यांपुढे ठेवून. माझ्या मते त्याचा खरा उपयोग उतारावर आहे. उतरताना वजन पुढे सरकते आणि मागची चाके हलकी होतात. साध्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्याच चाकांना! म्हणजे नेमका जेथे ब्रेक आहे तेथे वजन उरत नाही. चाके थांबतात, पण ट्रॅक्टर घसरत राहतो. फोर-व्हीलची दांडी ओढलेली असेल तर पुढची चाके मागच्यांशी दातऱ्यांनी जोडलेली राहतात, आणि ब्रेकचा व इंजिनाचा आवर चारही चाकांना लागतो. यासाठी उतार लागण्यापूर्वीच दांडी ओढावी आणि खालचा गिअर टाकावा. मध्येच गिअर बदलायला जाऊ नये. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे मी पाहिले आहेत. मागे भरलेली, बिनब्रेकची ट्रॉली असेल तर ती ट्रॅक्टरला पुढे ढकलते, आणि मग तो दोनचाकी जोराचा की चारचाकी, याला फारसा अर्थ राहत नाही. डावा-उजवा असे दोन ब्रेक असतात. शेतात वळायला ते सुटे ठेवतात. रस्त्यावर किंवा उतारावर निघताना ते एकमेकांना अडकवलेच पाहिजेत, नाही तर एकच दाबला जाऊन ट्रॅक्टर आडवा फिरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पुढच्या आसाचा जोर काढून ठेवावा, कारण तेथे टायर आणि दातरे विनाकारण झिजतात.

आता त्या मालकाच्या वाक्याकडे येतो. ट्रॅक्टर उताराला आडवा चालू लागला की तो कलंडेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते : डाव्या-उजव्या चाकांतले अंतर किती आणि ट्रॅक्टरचा भार जमिनीपासून किती उंच. यात चाकांना मिळणाऱ्या जोराचा संबंध कोठे आला? दोन्ही ट्रॅक्टरांचा पुढचा आस मधल्या एका खिळीवर झुलतो, खाचखळग्यांत चारही चाके टेकावीत म्हणून. त्यामुळे तोल जायला लागतो त्या क्षणी ट्रॅक्टर चौपाईसारखा उभा नसतो, तिपाईसारखा उभा असतो. वरच्या बाजूचे चाक दगडावर चढले, खालच्या बाजूचे सरीत उतरले, की तेवढे निमित्त पुरते. फोर-व्हील येथे काहीही अधिक देत नाही. उलट एक उणेपणा आहे. दोनचाकी जोराचा ट्रॅक्टर बिकट जागी चाके फिरवून थांबतो; ती एक प्रकारची सूचनाच असते. चारचाकी जोराचा ट्रॅक्टर तशीच पुढे वाट काढतो आणि चालकाला अशा जागी नेऊन ठेवतो, जेथे जायलाच नको होते.

कलंडण्यावर खरा उपाय निराळा आहे. तो म्हणजे बैठकीमागे उभी राहणारी भक्कम पोलादी चौकट आणि तिच्यासोबत कमरपट्टा. ट्रॅक्टर पडला तरी चौकट त्याला पुरता उलटू देत नाही, आणि पट्टा माणसाला चौकटीच्या आत धरून ठेवतो. स्वीडन देशाने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली, आणि पुढच्या काही दशकांत तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. आपल्या गावांत पुष्कळ ट्रॅक्टरांवर दिसते ते उन्हाचे छत. पातळ नळ्यांचे छत म्हणजे चौकट नव्हे. आणखी एक ध्यानात ठेवा : चौकट असेल तर पट्टा बांधावा, चौकट नसेल तर बांधू नये. आणि मडगार्डवर बसून जाणाऱ्याला ना चौकट वाचवते ना पट्टा.

मग घ्यावा कोणता? त्यासाठी दुकानात जाण्यापूर्वी शेतात जावे. दहा फुटांची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ घ्यावी. फळीचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला टेकवून ती सपाट धरावी आणि दुसरे टोक जमिनीपासून किती उंच राहते ते मोजावे. एक फूट राहिले तर उतार शेकडा दहा, दोन फूट राहिले तर शेकडा वीस. माझा ठोकताळा असा : उतार शेकडा दहाच्या आत आणि जमीन कोरडी असेल, तर दोनचाकी जोराचा पुरतो. तो लाखभराने किंवा त्याहूनही अधिकाने स्वस्त पडतो, कमी जागेत वळतो आणि दुरुस्तीला सोपा असतो. वाचलेल्या पैशांतून चौकट आणि पुढच्या बाजूची वजने घ्यावीत. शेकडा दहा ते वीस उतार, चिखलाची खाचरे किंवा ट्रॉली घेऊन रोज घाट उतरायचा असेल, तर चारचाकी जोराचा घ्यावा. लहान घ्यावा, पण चौकटीसह घ्यावा. त्याहून अधिक उतार असेल तर दोन्हीही घेऊ नयेत. यंत्राच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच खरी मानावी.

येथे कुणी शेतकीचा जाणकार मला अडवील. तो म्हणेल, माती वाहून जाऊ नये म्हणून नांगरट उताराला आडवी करावी असे आम्ही सांगतो, आणि तुम्ही तर आडवे चालणे धोक्याचे म्हणता. त्याचे बरोबर आहे आणि माझेही बरोबर आहे. उभी नांगरट केली तर माती जाते, आडवी केली तर माणूस जाऊ शकतो. या पेचातून ट्रॅक्टर बदलून सुटका होत नाही, जमिनीला ताली घालून होते. ताल घातली की पट्टा सपाट होतो. पाणी मुरते आणि ट्रॅक्टरही सरळ उभा राहतो. जेथे पट्टे अरुंद पडतात तेथे बैल किंवा पॉवर टिलर आहेत. आणि फार उभ्या वरकस जमिनीत काजू, आंबा लावावा किंवा गवत राखावे. आपल्या आजोबांनी जेथे नांगर घातला नाही, तेथे तो का घातला नाही याचा विचार यंत्र आल्यावरही करायला हवा.

शेवटी माझ्या नेहमीच्या कामाचे दोन शब्द. शेतावरच्या चालकाला कुणी कामगार म्हणत नाही, तो गडी. परंतु ट्रॅक्टरने शेती करणारा मजूर 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पुढे समाविष्ट झालेला होता, आणि तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. म्हणजे त्याचा जीव ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व नवे नाही. त्या चालकाच्या घरच्यांना पुढे भरपाई मिळाली. तिचा आकडा आणि चौकटीची किंमत मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहिली होती. चौकट किती तरी स्वस्त होती. आणि ती बसवली असती तर बहुधा त्या कागदाची गरजच पडली नसती.

तेव्हा गावाहून फोन आला की पैसे जरूर पाठवा. पण आधी तीन गोष्टी विचारा : उतार किती मोजला? चौकट आहे का? आणि चालवणार कोण, त्याचे काय म्हणणे आहे? तिसरा प्रश्न आजवर फारसा कुणी विचारलेला नाही. ज्याला तो विचाराल तो माणूस त्या जमिनीवर रोज चालतो. ट्रॅक्टर कोठे घसरतो आणि कोठे त्याच्या पोटात गोळा येतो, हे तो तुम्हांला कुठल्याही विक्रेत्यापेक्षा नेमके सांगेल.